खड्डा बुजवणे आणि सांधा वाचवणे

मी जैवतंत्रज्ञान शिकवते हे कळल्यापासून नातेवाईक आणि जुने विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात. प्रयोगशाळेत कूर्चा, म्हणजे कार्टिलेज, वाढवून ती गुडघ्यात बसवता येते असे कुठेतरी वाचले, मग आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आणखी दोन-चार वर्षे पुढे ढकलावी का? प्रश्न विचारणाऱ्याच्या घरात कुणीतरी रात्री कुशीवर वळताना कण्हत असते आणि जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरत असते, त्यामुळे त्याला तुटक उत्तर देणे मला जमत नाही. कूर्चा वाढवता येते हे खरे आहे. काही रुग्णांच्या गुडघ्यात ती बसवली गेली आहे आणि त्यांना बरे वाटले आहे, हेही खरे आहे. मात्र ते रुग्ण बहुतेक वेळा प्रश्न विचारणाऱ्याच्या आईसारखे नसतात, आणि हा फरक जाहिरातीत कधीच सांगितला जात नाही. म्हणून तो इथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात कूर्चेपासूनच करायला हवी, कारण पुढच्या सगळ्या अडचणी तिच्या रचनेत आहेत. गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकावर, नडगीच्या हाडाच्या माथ्यावर आणि वाटीच्या आतल्या बाजूला दोन ते चार मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत, निळसर पांढरा थर असतो. त्यातला सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के भाग पाणी असतो. उरलेल्या भागात कोलॅजन या प्रथिनाच्या दुसऱ्या प्रकारचे धागे आणि अ‍ॅग्रेकन नावाचे अवाढव्य रेणू असतात. अ‍ॅग्रेकनवर ऋण विद्युतभार असतो, तो पाणी आत ओढून घेतो आणि थर फुगू पाहतो. कोलॅजनचे जाळे त्याला आवरून धरते. या ओढाताणीतून जो दाब तयार होतो त्याच्या बळावर हा पातळ थर आपले वजन पेलतो. बर्लिनच्या संशोधकांनी संवेदक बसवलेले कृत्रिम गुडघे वापरून प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा सपाट जागी चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट आणि जिना उतरताना जवळजवळ साडेतीनपट भार येतो असे दिसले.

कोलॅजनचे धागे या थरात कसेही विखुरलेले नसतात. हाडालगतच्या खोल भागात ते उभे असतात, मधल्या भागात वळतात आणि पृष्ठभागाशी आडवे होऊन एकमेकांना समांतर जातात; बेनिंगहॉफ या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने 1925 मध्ये या कमानींचे वर्णन केले. वरच्या आडव्या धाग्यांमुळे घर्षण आणि ताण सहन होतो, तर खालच्या उभ्या धाग्यांमुळे थर हाडाला घट्ट चिकटून राहतो. या रचनेची देखभाल करणाऱ्या कूर्चापेशी मात्र फारच थोड्या असतात, एकूण घनफळाच्या अवघ्या काही टक्के. शिवाय कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि चेतातंतूही नसतात. कातडीला जखम झाली की रक्त येते, गुठळी होते, पेशी धावून येतात आणि जखम भरते; कूर्चेच्या जखमेपर्यंत यातले काहीच पोहोचत नाही. लंडनमधील शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच नोंदवून ठेवले होते की एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. 2016 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी, शीतयुद्धातील अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण कूर्चेत मोजले आणि प्रौढ वयात गुडघ्यातील कोलॅजन जवळपास अजिबात नव्याने बनत नाही असे दाखवले. साठीतल्या माणसाच्या गुडघ्यात जे कोलॅजन आहे ते बहुतांशी त्याच्या वाढीच्या वयात तयार झालेले असते. हा निष्कर्ष मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि दरवर्षी विद्यार्थी काही क्षण आपापल्या गुडघ्यांकडे पाहतात.

कूर्चेच्या दुरुस्तीची पहिली साधी युक्ती अशी, की जिथे कूर्चा नाही तिथल्या हाडाला बारीक छिद्रे पाडायची, म्हणजे मज्जेतले रक्त आणि पेशी वर येऊन खड्डा भरतील. अमेरिकी शल्यविशारद रिचर्ड स्टेडमन यांनी रूढ केलेल्या या पद्धतीला मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात. तिच्यातून खड्डा भरतो, पण भरतो तो मुख्यतः पहिल्या प्रकारच्या कोलॅजनने, म्हणजे व्रणासारख्या तंतुमय ऊतीने. ती काही वर्षे टिकते आणि नंतर बऱ्याच रुग्णांत विरत जाते.

खरी कलाटणी स्वीडनमध्ये मिळाली. गॉथनबर्ग येथे लार्स पीटरसन, मॅट्स ब्रिटबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये पहिल्या रुग्णावर एक नवी पद्धत वापरली आणि 1994 मध्ये 23 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रुग्णाच्याच गुडघ्यातील फारसा भार न येणाऱ्या जागेवरून कूर्चेचे छोटे तुकडे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढायचे, त्यातील पेशी सुट्या करून दोन-तीन आठवडे प्रयोगशाळेत वाढवायच्या, मग गुडघा उघडून खड्ड्यावर हाडाच्या आवरणाचे एक ठिगळ शिवायचे आणि त्याखाली त्या पेशींचा द्रव सोडायचा, असा तो क्रम होता. मांडीच्या हाडावर खड्डा असलेल्या 16 रुग्णांपैकी 14 जणांचा परिणाम चांगला किंवा उत्तम निघाला; वाटीमागे खड्डा असलेल्या सात जणांपैकी मात्र फक्त दोघांचा. या रुग्णांचे वय 14 ते 48 वर्षे होते आणि त्यांच्या गुडघ्यात एकेका ठिकाणी खोल इजा होती. सबंध सांधा झिजलेले वृद्ध त्यांत नव्हते. या एका गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे, कारण पुढच्या तीन दशकांतील बहुतेक यश याच चौकटीतले आहे.

पेशी वाढवणे ऐकायला सोपे वाटते, पण त्यात एक अडचण आहे आणि ती ज्याने कूर्चापेशी स्वतःच्या हाताने वाढवल्या आहेत त्याला चांगली ठाऊक असते. सपाट प्लास्टिकच्या बशीत ठेवलेल्या गोल कूर्चापेशी काही दिवसांत पसरतात, लांबट होतात, झपाट्याने विभागू लागतात, आणि तसे करताना आपला मूळ स्वभाव गमावतात. दुसऱ्या प्रकारचे कोलॅजन बनवायचे सोडून त्या पहिल्या प्रकारचे बनवू लागतात. संख्या हवी असेल तर गुण जातो आणि गुण राखायचा तर संख्या मिळत नाही. 1982 मध्ये बेन्या आणि शॅफर यांनी अशा बिघडलेल्या पेशी अ‍ॅगारोजच्या मऊ जेलमध्ये ठेवल्या, तेव्हा त्या पुन्हा गोल झाल्या आणि त्यांनी कूर्चेची प्रथिने पुन्हा बनवायला सुरुवात केली. पेशीला सर्व बाजूंनी आधार देणारी जागा मिळाली तर ती आपले काम परत करू लागते, हा धडा त्यातून मिळाला, आणि कूर्चेच्या ऊती अभियांत्रिकीचा, म्हणजे पेशींपासून ऊती घडवण्याच्या शास्त्राचा, पाया त्यावर उभा राहिला.

त्यानंतर पेशींना बसायला सच्छिद्र आधार देण्याचे असंख्य प्रयोग झाले. विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यासाठी वापरले जाणारे पॉलिग्लायकॉलिक आम्ल, कोलॅजनचे पापुद्रे, हायलुरोनिक आम्लाची जेल, रेशमातील फायब्रॉइन हे प्रथिन असे अनेक पदार्थ वापरून पाहिले गेले. आपल्याकडे आयआयटी दिल्लीत सौरभ घोष यांच्या गटाने रेशमाच्या प्रथिनाची शाई करून त्रिमितीय छपाईने कूर्चेसारखी ऊती घडवण्याचे काम केले आहे. डुकराच्या कोलॅजनच्या पापुद्र्यावर रुग्णाच्या पेशी पसरून तो पापुद्रा खड्ड्यात चिकटवण्याच्या पद्धतीला, म्हणजे मॅसीला, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2016 मध्ये परवानगी दिली. भारतात मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेसच्या कार्टिग्रो या उपचाराला 2017 मध्ये मान्यता मिळाली. तिथेही रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून परत बसवल्या जातात.

आता या यशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. नॉर्वेत 80 रुग्णांवर एक काटेकोर तुलना झाली, 40 जणांवर पेशीरोपण आणि 40 जणांवर मायक्रोफ्रॅक्चर. दोन वर्षांनी दोन्ही गटांत म्हणावा असा फरक आढळला नाही, आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौदा-पंधरा वर्षांनंतरच्या पाहणीतही तो आढळला नाही. उलट दोन्ही गटांतील निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांत झिजेच्या संधिवाताच्या खुणा दिसू लागल्या होत्या. नंतरच्या मॅसीच्या चाचणीत तीन चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्ड्यांसाठी पेशीरोपण सरस ठरले, त्यामुळे पद्धत सुधारली हे मान्य करायलाच हवे. तरीही नॉर्वेच्या त्या आकड्यांकडे मी पुन्हा पुन्हा वळते. खड्डा बुजवला म्हणून सांधा वाचतोच असे नाही, हे त्यांत स्पष्ट दिसते.

प्रयोगशाळेत बनणारी कूर्चा खऱ्या कूर्चेच्या किती जवळ जाते याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. अ‍ॅग्रेकनचे प्रमाण काही आठवड्यांत जवळजवळ नैसर्गिक पातळीला जाते आणि दाबून पाहिले तर ऊती चांगली कडक लागते. कोलॅजन मात्र मागे राहते. त्याचे प्रमाण खऱ्या कूर्चेतल्या प्रमाणाच्या थोड्या भागाएवढेच भरते, आणि त्या कमानी तर जवळजवळ बनतच नाहीत. त्यामुळे दाब सोसणारी ऊती ताण आणि घासणे सोसताना फाटते. कोलंबिया विद्यापीठात क्लार्क हंग आणि जेरार्ड अटेशियन यांनी वाढणाऱ्या ऊतीला रोज ठरावीक लयीत दाबत राहण्याचे यंत्र वापरले आणि या व्यायामाने ऊती अधिक बळकट होते असे दाखवले. अमेरिकेतील संशोधक फर्शिद गिलाक यांच्या गटाने दुसरी वाट धरली. पेशी कोलॅजनचे जाळे विणतील याची वाट न पाहता त्यांनी सुरुवातीलाच तीन दिशांनी विणलेले धाग्यांचे कापड आधार म्हणून घेतले, जेणेकरून बसवल्या क्षणापासून ते भार पेलेल आणि पेशी आतून आपले काम सावकाश करतील. मला ही कल्पना फार समंजस वाटते, कारण रुग्ण महिनोन्महिने पाय उचलून बसू शकत नाही याची जाणीव तिच्यात आहे. आणखी एक अडचण नव्या आणि जुन्या कूर्चेच्या जोडाची आहे. हाड हाडाशी जुळून येते. कूर्चा कूर्चेशी सहजासहजी जुळत नाही, आणि कडेची ती फट पुढच्या बिघाडाची सुरुवात ठरू शकते.

आता आईच्या गुडघ्याकडे येऊ. जागतिक आजारभाराच्या अभ्यासानुसार 2020 मध्ये जगात सुमारे 59.5 कोटी लोकांना झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस होता. या आजारात कूर्चा झिजते हे खरे, पण आजार एकट्या कूर्चेचा नसतो. सांध्याचे आतले अस्तर सुजते आणि दाह वाढवणारी रसायने सोडते, कूर्चा चिरणारी विकरे वाढतात, खालचे हाड घट्ट होते आणि कडेला वाढते, गादीसारखा मेनिस्कस फाटतो, पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतो आणि सगळा भार आतल्या बाजूवर येतो. समोरासमोरच्या दोन्ही पृष्ठभागांवरची कूर्चा गेलेली असते. अशा सांध्यात ताजी, कोवळी ऊती बसवली तर जुन्या कूर्चेला ज्यांनी संपवले तीच रसायने आणि तोच वाकडा भार तिच्याही वाट्याला येतात. म्हणूनच मॅसीसारखे उपचार एखाद-दुसऱ्या ठिकाणी पूर्ण जाडीची इजा झालेल्या सांध्यासाठी आहेत. सर्वदूर झिजलेल्या सांध्यासाठी त्यांची शिफारस केली जात नाही.

या कारणामुळे मला बाझेलमधले काम सर्वांत आशादायक वाटते. स्वित्झर्लंडच्या बाझेल विद्यापीठात इव्हान मार्टिन आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याऐवजी नाकाच्या पडद्यातून कूर्चापेशी घेतल्या. नाकातून अगदी छोटा तुकडा काढणे सोपे असते, त्याने निरोगी सांध्याला नवी जखम होत नाही, आणि वय वाढले तरी या पेशींची कूर्चा घडवण्याची क्षमता फारशी उतरत नाही. गर्भात नाकाची कूर्चा गुडघ्याच्या कूर्चेपेक्षा वेगळ्या मुळापासून बनते, तरीही गुडघ्यात बसवल्यावर या पेशी तिथल्या परिस्थितीशी जुळवून घेतात असे त्यांना आढळले. 2016 मध्ये त्यांनी पहिल्या दहा रुग्णांचा दोन वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. 2021 मध्ये याच गटाने दाखवले की नाकाच्या पेशींपासून बनलेली ऊती दाहजनक रसायनांच्या सान्निध्यात तग धरते, आणि वाटीमागे प्रगत संधिवात असलेल्या दोन रुग्णांना ती बसवल्यावर त्यांचा त्रास कमी झाला. दोन रुग्णांवरून उपचार सिद्ध होत नाही, हे त्या संशोधकांनाही माहीत आहे. पण प्रश्न योग्य जागी विचारला गेला आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 98 रुग्णांच्या चाचणीत त्यांनी दोन दिवस वाढवलेली ऊती आणि दोन आठवडे परिपक्व केलेली ऊती यांची तुलना केली, आणि अधिक परिपक्व ऊतीचा परिणाम, विशेषतः मोठ्या किंवा आधी उपचार फसलेल्या खड्ड्यांत, सरस ठरला. नुसत्या पेशी सोडण्यापेक्षा ऊती घडवून बसवण्यात अर्थ आहे, असे इतकी वर्षे म्हणणाऱ्या सर्वांना या निकालाने बळ दिले आहे.

सुईने पेशी टोचण्याचा मार्ग मी जाणीवपूर्वक वेगळा ठेवते. भारतात बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या, दात्याच्या अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून बनवलेल्या उपचाराला 2022 मध्ये गुडघ्याच्या मध्यम संधिवातासाठी परवानगी मिळाली. त्याच्या चाचणीत वेदना आणि हालचाल यांत सुधारणा दिसली, आणि दुखणे कमी होणे ही रुग्णासाठी छोटी गोष्ट नाही. पण त्या इंजेक्शनने गेलेल्या कूर्चेचा नवा थर उगवतो असे सिद्ध झालेले नाही. ज्या दवाखान्यांत पोटाच्या चरबीतून काढलेले काहीतरी त्याच दिवशी गुडघ्यात टोचून ‘नवी कूर्चा’ देण्याचे वचन दिले जाते, तिथे तर कोणत्या पेशी, किती आणि कशा तपासलेल्या, यांतले काहीच रुग्णाला सांगितले जात नाही. तपासणी का महत्त्वाची याचे उदाहरण दक्षिण कोरियात घडले. इन्व्होसा नावाच्या पेशी-उपचाराला तिथे 2017 मध्ये मान्यता मिळाली, तीन हजारांहून अधिक रुग्णांना तो दिला गेला, आणि 2019 मध्ये उघडकीस आले की ज्या पेशी कूर्चेच्या म्हणून नोंदवल्या होत्या त्या प्रत्यक्षात मूत्रपिंडाच्या पेशींच्या वंशातल्या होत्या. मान्यता रद्द झाली. मान्यताप्राप्त कारखान्यात हे होऊ शकत असेल, तर बंद दाराआडच्या खोलीत काय होत असेल याची मला काळजी वाटते.

म्हणून साठी-पासष्टी ओलांडलेल्या, सगळा सांधा झिजलेल्या आईसाठी माझे उत्तर असे असते, की अस्थिरोगतज्ज्ञांनी सांधेबदल सुचवला असेल तर प्रयोगशाळेतल्या कूर्चेसाठी थांबू नये. सन 2000 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात झाली, तेव्हा हा उपचार आपल्याकडे अनेकांना पहिल्यांदा ठाऊक झाला. आज तो तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणानुसार सुमारे 82 टक्के संपूर्ण कृत्रिम गुडघे 25 वर्षे टिकतात. नव्या ऊतीला या आकड्याशी स्पर्धा करायची आहे. जिला तिची खरी गरज आहे ती व्यक्ती चाळिशी-पन्नाशीतली आहे, जिचा कृत्रिम गुडघा तिच्या हयातीतच पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता जास्त असते आणि जिच्या सांध्यात अजून वाचवण्याजोगे काही शिल्लक आहे.

या व्यक्तीचा विचार करताना मला युरोप-अमेरिकेतील चाचण्यांत एक गोष्ट अपुरी वाटते. त्यांतील रुग्ण खुर्चीत बसणारे, पलंगावर झोपणारे असतात. आपल्याकडची पंचेचाळीस वर्षांची बाई खुरपणी करताना तासन्‌तास उकिडवी बसते, मांडी घालून जेवते आणि शौचासाठी पूर्ण खाली बसते. गुडघा इतका वाकला की मांडीच्या हाडाचा मागचा भाग आणि वाटीमागचा पृष्ठभाग यांवर फार मोठा दाब येतो, आणि ब्रिटबर्ग यांच्या पहिल्या मालिकेत वाटीमागचीच बहुतेक रोपणे फसली होती. पन्नास-साठ अंशांत टिकलेली ऊती एकशे चाळीस अंशांत टिकेल हे गृहीत धरता येणार नाही. जर्मनीत 2013 पासून कूर्चेच्या उपचारांची राष्ट्रीय नोंदवही चालवली जाते आणि कोणत्या रुग्णाला काय केले, पुढे काय झाले हे तिच्यात वर्षानुवर्षे टिपले जाते. आपल्या देशात ज्यांच्या गुडघ्यांत या पेशी बसवल्या गेल्या आहेत त्यांचाही असाच दीर्घ पाठपुरावा झाला पाहिजे आणि तो सर्वांना वाचता आला पाहिजे, त्यात वेदनेच्या गुणांबरोबर ती व्यक्ती पुन्हा जमिनीवर बसू शकते का, आधाराशिवाय उठू शकते का आणि शेतातल्या कामावर परत गेली का, हेही लिहिलेले असावे.